जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचा रंग व पत्रा सांभाळा : खडीचे टवके आणि किरकोळ गंज यांची घरच्या घरी दुरुस्ती



पिकावर रोगाचा पहिला ठिपका दिसला की आपण लगेच फवारणीचा विचार करतो. परंतु ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा ट्रॉलीच्या फाळक्यावर गंजाचा पहिला ठिपका दिसतो तेव्हा मात्र "बघू पुढच्या वर्षी" असे म्हणून सोडून देतो. गव्हावरचा तांबेरा आणि लोखंडावरचा गंज यांचा रंग सारखा आणि वागणूकही थोडीफार सारखीच. दोन्ही लहान ठिपक्यापासून सुरू होतात, दोन्हींना ओलावा मानवतो आणि दोन्ही वेळेवर आवरले नाहीत तर नुकसान मोठे होते. फरक इतकाच की पीक दरवर्षी नवे येते, पत्रा मात्र एकदा खाल्ला गेला की परत येत नाही.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील पूर्वेकडील, कमी पावसाचे तालुके. पाऊस कमी म्हणजे गंज कमी, असा समज येथे आढळतो. तो अर्धाच खरा आहे. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठाने ऊस उभा आहे. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या, टायरगाड्या, जुन्या जीप आणि पिकअप रात्रंदिवस रस्त्यावर असतात. फडातून बाहेर पडताना चिखल, पाणंद रस्त्यावर मुरूम, पुढे खडी आणि मग पुणे-सोलापूर किंवा पुणे-नगर महामार्गावर पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडणारे दगड. न्हावऱ्याहून पारगाव, केडगावमार्गे चौफुल्याला जाणाऱ्या वाहनाला हे सारे प्रकार एकाच फेरीत भेटतात. त्यातच खत, कोंबडीखत, उसाचा रस, कांद्याच्या ओल्या गोण्या यांची वाहतूक त्याच ट्रॉलीतून होते. त्यामुळे आकाशातून पडणारे पाणी कमी असले तरी लोखंडाला खाणारी सामग्री आपण स्वतःच पुरवीत असतो.

या लेखात खडीने उडालेले टवके आणि वरवरचा गंज यांची दुरुस्ती कशी करावी, कोणती दुरुस्ती घरी करावी आणि कोणती मुळीच करू नये, याची माहिती दिली आहे.

गंज कसा धरतो?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज तयार होतो. यातील एकाला जरी दूर ठेवले तरी गंज थांबतो. रंगाचे काम तेवढेच आहे, लोखंड आणि ओलावा यांच्यामध्ये आडवे उभे राहणे. कारखान्यातून येणाऱ्या वाहनावर रंगाचे सर्व थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्या पातळ थरावर खडा जोराने आदळला की टवका उडतो आणि पत्रा उघडा पडतो.

गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक असते. म्हणून टवक्याच्या कडेने आत शिरलेला गंज फुगतो आणि भोवतालचा चांगला रंग उचलून धरतो. यालाच आपण पोपडा म्हणतो. पोपड्याखाली पाणी साठते, ते लवकर वाळत नाही आणि गंज आणखी पसरतो. बाहेरून तुरीच्या दाण्याएवढा दिसणारा ठिपका आतून रुपयाएवढा निघतो तो यामुळेच.

क्षार असले की हे काम अनेक पटीने लवकर होते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड मोठ्या प्रमाणावर असते आणि क्लोराइड हा लोखंडाचा मोठा शत्रू आहे. युरिया हवेतील ओलावा ओढून घेतो व पत्र्यावर चिकट थर करून बसतो. अमोनियम सल्फेट आम्लधर्मी आहे. उसाचा रसही किंचित आम्ल असून त्यावर माती बसली की ती दिवसेंदिवस ओलसर राहते. ज्या भागात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी मचूळ आहे, तेथे तर धुतलेली ट्रॉली वाळल्यावर पांढरे डाग दिसतात. तेही क्षारच होत.

प्रथम तपासणी : गंजाची पायरी ओळखा

दुरुस्तीपूर्वी वाहन स्वच्छ धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि दिवसाच्या उजेडात बारकाईने पाहावे. पुढील जागा हटकून पाहाव्यात.

ट्रॅक्टर : बॉनेटची पुढची कड, मडगार्डची आतील बाजू व सांधे, पायदान, बॅटरीची पेटी, रेडिएटरखालील भाग जेथे भुसा व कचरा साठतो.
ट्रॉली : फाळक्याच्या बिजागऱ्या, तळाचे कोपरे, पत्रा व चॅनेल यांमधील फट, चाकावरील भाग, जू म्हणजे पुढील ओढदांडा व त्याची कडी.
जीप किंवा पिकअप : चाकामागील पत्रा, दाराची खालची कड, काचेचे रबर, पायाखालील मॅटिंगच्या खालचा पत्रा.

आता प्रत्येक डाग जाड सुईने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच टोचून पाहावा आणि त्याची पायरी ठरवावी.

पहिली पायरी : टवका उडाला आहे, पण खालचा प्रायमर शाबूत आहे किंवा पत्रा अजून चकचकीत आहे. अर्ध्या तासाचे काम.
दुसरी पायरी : वरवर तांबूस गंज आहे, घासल्यावर निघून जातो, पत्रा गुळगुळीत आहे. घरी करता येते.
तिसरी पायरी : पोपडा आला आहे, खरवडल्यावर पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात, पण टोक आरपार जात नाही. घरी करता येते, मात्र वेळ व चिकाटी हवी.
चौथी पायरी : टोक आरपार जाते, पत्रा दाबल्यावर दबतो किंवा हातोडीने ठोकल्यास ठणठणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. हे रंगाचे काम नाही. पत्रा कापून नवा जोडावा लागतो.

एक गोष्ट येथेच स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ट्रॉलीचे जू, ओढकडी, हुकाची पिन, चॅसी, धुऱ्याचे माउंटिंग, ब्रेकचे नळ आणि स्टेअरिंगचे भाग यांवर खोल गंज किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी तांबडी रेघ दिसली, तर त्यावर पुट्टी भरून रंग देऊ नये. ती रेघ बहुधा तडा गेल्याची खूण असते. रंगाने ती झाकली जाते, भरत नाही. भरलेली ट्रॉली चढावर सुटली तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला वाचण्यास जागा राहत नाही. अशी ट्रॉली त्याच दिवशी बाजूला उभी करावी, जाणत्या वेल्डरकडून वा फॅब्रिकेशनवाल्याकडून दुरुस्त करून घ्यावी व नंतरच रंगाचा विचार करावा.

कोणत्या वेळी काम करावे?

वर्षातून दोन वेळा सोयीच्या आहेत. पहिली, खंडेनवमीपूर्वीचा आठवडा. अवजारे व वाहने पूजेसाठी आपण धुतोच. त्याच वेळी टवके भरून घेतले तर ऊस हंगामाला वाहन तयार होते. दुसरी, हंगाम संपल्यानंतर आणि मृगाच्या पावसापूर्वी, म्हणजे एप्रिल-मे. पहिल्या वेळी पावसाळ्यात धरलेला गंज निघतो, दुसऱ्या वेळी हंगामात उडालेले टवके बुजतात.

सकाळी दव पूर्ण वाळल्यावर काम सुरू करावे. नदी व कालव्याकाठच्या गावांत हिवाळ्यात पत्र्यावर नऊ वाजेपर्यंत दव असते, डोळ्याला दिसले नाही तरी हाताला गार ओल लागते. उन्हाळ्यात याउलट, अकरा वाजल्यानंतर बॉनेटला हात लावता येत नाही. अशा तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर वरची साय धरते, आतील रंग ओला राहतो आणि पुढे फोड येतात. म्हणून काम सावलीत करावे. जोराचा वारा व धूळ असताना, तसेच शेजारी मळणी किंवा पाचट जाळणे चालू असताना रंग देऊ नये.

लागणारे साहित्य

एका ट्रॅक्टरचे बॉनेट, दोन मडगार्ड व ट्रॉलीचे काही डाग एवढ्या कामासाठी पुढील साहित्य सामान्यतः पुरते.

१) पॉलिश पेपर : ८० व १२० नंबर प्रत्येकी ४ ताव, २२० नंबर ३ ताव. वॉटर पेपर : ४००, ६००, १५०० व २००० नंबर प्रत्येकी २ ताव.
२) तारेचा ब्रश, लोखंडी खरवडणी, जुने ब्लेड.
३) फॉस्फोरिक आम्ल असलेले गंज काढण्याचे द्रावण, अर्धा लिटर.
४) रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर, अर्धा लिटर.
५) वाहनाच्या मूळ छटेचा सिंथेटिक इनॅमल रंग, अर्धा लिटर.
६) मिनरल टर्पेंटाइन, एक लिटर.
७) पुट्टी, पातळ पत्र्याचा पाता, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, स्वच्छ सुती फडके, एक बारीक व एक दोन इंची ब्रश.
८) रबराचे हातमोजे, चष्मा, नाकातोंडावर बसणारा मास्क.

बहुतेक ट्रॅक्टरचे रंग कंपनीच्या नावाने तयार डब्यात विक्रेत्याकडे मिळतात. जीप वा पिकअप असेल तर रंगाचा सांकेतिक क्रमांक वाहनावरील पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावा. पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. तेथे जाण्याचा योग आला तर बरोबर पेट्रोल टाकीचे झाकण किंवा निघणारा एखादा लहान भाग न्यावा. तोंडी "लाल रंग द्या" म्हणून आणलेला रंग क्वचितच जुळतो. शिवाय ऊन खाऊन जुना रंग फिका झालेला असतो. म्हणून छटा जुळविण्यापूर्वी तो भाग पॉलिशने घासून खालचा खरा रंग वर आणावा.

जुना रंग कोणत्या जातीचा आहे?

ही परीक्षा बहुतेक जण करीत नाहीत आणि मग केलेले काम सुरकुतते. मडगार्डच्या आतल्या बाजूस न दिसणाऱ्या जागी एन. सी. थिनरमध्ये बुडविलेले फडके अर्धा मिनिट घासावे.

रंग विरघळून फडक्याला लागला, तर जुना रंग एन. सी. म्हणजे ज्याला पेंटर लोक डुको म्हणतात तो आहे. रंगाला सुरकुत्या पडून तो उचलला गेला, तर हवेवर वाळणारा इनॅमल आहे. काहीच झाले नाही, तर भट्टीत भाजलेला कंपनीचा रंग किंवा दोन घटकांचा पी. यू. रंग आहे.

नियम सोपा आहे. इनॅमल हा मवाळ रंग असून तो नीट घासलेल्या कोणत्याही घट्ट जुन्या रंगावर चालतो. परंतु जुन्या इनॅमलवर एन. सी. किंवा पी. यू. रंग मारल्यास त्यातील तीव्र थिनर खालचा थर उचलतो. घरच्या कामास इनॅमलच बरा. तो ब्रशने लागतो व चूक झाल्यास टर्पेंटाइनने पुसता येतो.

खडीच्या लहान टवक्याची दुरुस्ती

१) साबणाच्या पाण्याने जागा धुवावी, स्वच्छ पाण्याने निपटावी व वाळवावी. नंतर टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून तेल-ग्रीस काढावे. रॉकेलने पुसू नये. त्याचा तेलकट थर मागे राहतो व रंग धरत नाही.

२) टवक्याच्या कडेचा सुटलेला रंग सुईने किंवा ब्लेडच्या टोकाने उचलावा. जोपर्यंत कडा घट्ट लागत नाही तोपर्यंत उचलत जावे. टवका थोडा मोठा झाला तरी चालेल.

३) तळाशी तांबूस रंग दिसल्यास पॉलिश पेपरची लहान गुंडाळी काडीच्या टोकाला लावून पत्रा चमकेपर्यंत घासावे.

४) कडा ४०० नंबरच्या पेपरने उतरत्या कराव्यात. बोट फिरविले असता पायरी लागता कामा नये. पायरी राहिली तर रंगानंतरही ती दिसते आणि तेथूनच पुन्हा पोपडा सुटतो.

५) बारीक ब्रशने किंवा आगपेटीच्या काडीने फक्त उघड्या पत्र्यावर प्रायमरचा पातळ थेंब पसरावा. रात्रभर वाळू द्यावा.

६) त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येकी एक दिवसाच्या अंतराने द्यावेत. शेवटी रंग भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित वर राहिला पाहिजे.

७) आठ-दहा दिवस कडक वाळू दिल्यावर १५०० व नंतर २००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने समपातळी करावी. मग रबिंग कंपाउंड लावून चमक आणावी.

शेताच्या वाहनाला सातवी पायरी केलीच पाहिजे असे नाही. दिसण्यात थोडे कमी-जास्त चालेल, पत्रा झाकला गेला हे महत्त्वाचे.

गंजलेल्या डागाची दुरुस्ती

डाळिंबाच्या खोडावरील जखम आपण कशी हाताळतो ते आठवा. कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडतो आणि मगच बोर्डो पेस्ट लावतो. कुजलेल्या सालीवर पेस्ट लावली तर रोग आत चालूच राहतो. येथेही तेच तत्त्व आहे.

१) खरवडणे : पोपडा व जाड गंज खरवडणीने काढावा, नंतर तारेचा ब्रश फिरवावा. मग ८० व त्यानंतर १२० नंबरच्या पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे. डागाच्या सर्व बाजूंनी आणखी एक इंच घट्ट रंगापर्यंत जावे. उघडा पत्रा घासताना पाणी वापरू नये. ओल्या उघड्या लोखंडावर काही मिनिटांत पिवळसर गंज पुन्हा धरू लागतो.

२) खड्ड्यांतील गंज : पेपरने न निघालेल्या काळपट ठिपक्यांवर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण ब्रशने लावावे. डब्यावर दिलेला वेळ पाळावा, ब्रशने चोळावे, सूचनेप्रमाणे धुवावे किंवा पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून वाळवावे. या आम्लामुळे लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर बसतो आणि त्यावर प्रायमर चांगला धरतो. दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा असून फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला, असे अभ्यासकांचे मत आहे. आपण डब्यातल्या द्रावणाने तेच तत्त्व लहान प्रमाणात वापरतो.

संडास धुण्याचे आम्ल या कामी कधीही वापरू नये. त्याने गंज झटपट निघतो हे खरे, परंतु ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यातील क्लोराइड सांध्यात राहते आणि रंगाखालून महिन्या-दोन महिन्यांत दुप्पट गंज येतो.

३) प्रायमर : पत्रा स्वच्छ झाल्यावर त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात प्रायमरचा पहिला पातळ हात द्यावा. उघडा पत्रा रात्रभर दवात ठेवल्यास सारी मेहनत वाया जाते. दुसरा हात दुसऱ्या दिवशी द्यावा.

४) पुट्टी : खड्डे उथळ असतील व दिसण्याला महत्त्व नसेल तर पुट्टी टाळावी. भरायची असल्यास डब्यातील एकघटकी पुट्टी प्रायमर वाळल्यावर पातळ थरात भरावी व प्रत्येक थर वाळू द्यावा. हार्डनर घालून वापरावयाची पॉलिस्टर पुट्टी मात्र वेगळी असते. ती स्वच्छ, खरखरीत घासलेल्या पत्र्यावर थेट बसते. रेड ऑक्साइडवर लावल्यास खालचा थर मऊ होऊन दोन्ही एकदम सुटतात. पुट्टी कोणतीही असो, ती पाणी शोषते. म्हणून घासून झाल्यावर तिच्यावर प्रायमरचा एक हात अवश्य द्यावा.

५) रंग : प्रायमर २२० नंबरच्या पेपरने हलका घासावा, धूळ पुसावी. रंग डब्याच्या तळापासून ढवळावा, गाठी असल्यास जुन्या नायलॉन कापडातून गाळावा. घट्ट असेल तरच शेकडा ५ ते १० एवढे टर्पेंटाइन घालावे. दोन पातळ हात, मध्ये रात्रभराचे अंतर. एकच जाड हात दिल्यास तो ओघळतो व आतून कच्चा राहतो.

६) वाळवण : किमान दोन दिवस वाहन धुळीच्या रस्त्यावर नेऊ नये. पंधरा दिवस साबणाने धुऊ नये. मेण-पॉलिश महिन्यानंतर करावे.

रेड ऑक्साइड म्हणजे पूर्ण रंग नव्हे

अनेक ट्रॉल्या केवळ रेड ऑक्साइड मारून वर्षानुवर्षे चालविल्या जातात. हा प्रायमर रंगाला धरून ठेवण्यासाठी असतो. त्याचा थर सच्छिद्र असल्यामुळे तो एकटा पाणी अडवू शकत नाही. त्याच्या तांबड्या रंगाखाली तांबडा गंज दिसतही नाही, हा आणखी एक तोटा. प्रायमर दिल्यावर आठवड्याच्या आत वरचा रंग द्यावाच.

बॅटरीची पेटी : वेगळी काळजी

येथील गंज पाण्याचा नसून आम्लाचा असतो. प्रथम बॅटरीची ऋण बाजूची वायर काढावी, नंतर धन बाजूची. बॅटरी बाहेर घ्यावी. एक लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी पेटीवर ओतावे. फेस येणे थांबेपर्यंत हे करावे आणि मग स्वच्छ पाण्याने धुवावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. त्यानंतर वरीलप्रमाणे गंज काढून रंग द्यावा व बॅटरीखाली रबराचा तुकडा ठेवावा. जोडताना धन बाजू आधी, ऋण बाजू शेवटी. टोकांवर पेट्रोलियम जेली लावावी.

माणसे व जनावरे यांची सुरक्षितता

१) जुन्या वाहनांच्या रंगात व प्रायमरमध्ये शिसे किंवा क्रोमियमची संयुगे असू शकतात. घरगुती रंगांतील शिशावर भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा लागू झाली, परंतु त्याआधीच्या वाहनांचा रंग तसाच आहे. जुना रंग शक्यतो पाणी लावून घासावा, उघडा पत्रा लागल्यावर मात्र कोरडे घासावे व मास्क वापरावा. लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना जवळ येऊ देऊ नये.

२) काम गोठ्यापासून व चाऱ्याच्या गंजीपासून दूर करावे. गाई-म्हशींना व विशेषतः वासरांना रंगाचे पोपडे, रिकामे डबे, जुन्या बॅटऱ्या चाटण्याची सवय असते आणि शिशाची विषबाधा होऊन जनावर दगावते. खाली जुनी ताडपत्री अंथरावी, पडलेला चुरा गोळा करून पिशवीत बांधावा. तो उकिरड्यावर किंवा पाटात टाकू नये.

३) टर्पेंटाइन व थिनर पेट घेतात. विडी-सिगारेट, चूल, वेल्डिंग यांपासून दूर राहावे. रंगाची ओली फडकी ढीग करून ठेवू नयेत, पसरून वाळवावीत.

४) आम्ल वापरताना हातमोजे व चष्मा घालावा. डोळ्यात उडाल्यास भरपूर पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

कोठे रंग लावू नये?

ग्रीस निपल, रबरी नळ्या, पट्टे, टायर, चॅसी व इंजिन क्रमांक, नंबर प्लेट, दिवे आणि परावर्तक पट्ट्या यांवर चिकटपट्टी लावूनच काम सुरू करावे. रात्री उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते तेव्हा मागच्या वाहनाला तिची ओळख या तांबड्या पट्टीवरूनच पटते. फाळक्याला रंग देताना ती झाकली गेली असेल किंवा मळून निस्तेज झाली असेल, तर नवीन लावावी. सायलेन्सरला साधा इनॅमल टिकत नाही. त्यासाठी उष्णता सोसणारा ॲल्युमिनियम रंग मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : जळालेले ऑइल पत्र्याला लावले तर गंज थांबत नाही का?
उत्तर : काही दिवस थांबतो. परंतु वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी व आम्ले असतात, त्यावर माती बसते, रबर फुगते आणि पुढे त्या जागी रंग धरत नाही. ते जमिनीत व पाण्यात उतरते हे निराळेच. रंग न देता येणाऱ्या पिना, बिजागऱ्या यांना ग्रीस लावावे.

प्रश्न : लहान नट-बोल्ट गंजले आहेत. काय करावे?
उत्तर : एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात रात्रभर बुडवून ठेवावेत. सकाळी तारेच्या ब्रशने घासून सोड्याच्या पाण्यात बुडवावेत, धुऊन वाळवून ग्रीस लावावे. ओढकडीची पिन व चाकाचे नट यांवर हा प्रयोग करू नये. आटे झिजले असतील तर ते बदलावेत.

प्रश्न : रंग बदलून दुसराच दिला तर चालेल का?
उत्तर : वाहनाच्या नोंदणी पुस्तकात रंगाची नोंद असते. मूळ रंगानेच डाग बुजविणे ही साधी दुरुस्ती आहे. संपूर्ण रंग बदलावयाचा असल्यास आर. टी. ओ. कार्यालयात विचारून नोंद करून घ्यावी.

प्रश्न : पंधरा वर्षे झालेल्या ट्रॅक्टरवर एवढा खटाटोप कशाला?
उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ नुसार बिगर-वाहतूक वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व पुढे तपासणीनंतर पाच पाच वर्षांनी नूतनीकरण होते. शेतीचा ट्रॅक्टर याच वर्गात मोडतो. इंजिन उत्तम असूनही पायदान व मडगार्ड कुजलेले असतील तर तपासणीत अडचण येते. विकावयाचा झाल्यास गिऱ्हाईक आधी पत्रा पाहते, मग इंजिनचा आवाज ऐकते. आणि पायदान कुजून पाय घसरला तर खाली मागचे चाक असते, हे विसरू नये.

पुन्हा गंज येऊ नये म्हणून

१) खत, कोंबडीखत किंवा ऊस वाहिल्यावर ट्रॉली त्याच दिवशी झाडून धुवावी. विहिरीचे पाणी मचूळ असल्यास शेवटचे पाणी तरी गोड्या पाण्याचे मारावे.
२) ट्रॉलीच्या तळाच्या कोपऱ्यातील पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. नसल्यास पाडून घ्यावीत व त्यांच्या कडांना रंग द्यावा.
३) चाकामागे रबरी मडफ्लॅप लावावेत. स्वतःच्याच चाकाने उडविलेल्या खडीचे टवके यामुळे बरेच कमी होतात.
४) खडीच्या रस्त्यावर वेग कमी ठेवावा आणि खडी, वाळू वाहणाऱ्या वाहनाच्या मागे अंतर राखावे.
५) वाहन गोठ्याला किंवा शेणखताच्या खड्ड्याला लागून उभे करू नये. तेथील ओल व अमोनिया रंगाला बाधतो.
६) प्लॅस्टिकचा कागद पत्र्याला घट्ट गुंडाळू नये. आत घाम धरतो. बांबूवर टाकून वारा खेळता ठेवावा.
७) महिन्यातून एकदा, अमावास्येला वा बाजाराच्या दिवशी, वाहनाभोवती एक फेरी मारून नवे टवके पाहावेत. रंगाचा लहान डबा झाकण घट्ट लावून घरी ठेवावा म्हणजे टवका दिसताच बुजविता येतो.

थोडक्यात महत्त्वाचे

टवका ताजा असतानाच बुजवावा. गंज पूर्ण काढल्याशिवाय रंग देऊ नये. उघडा पत्रा एक रात्रही तसा ठेवू नये. प्रायमरवर रंग द्यावाच. रंगाचा चुरा जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये. आणि जू, ओढकडी, चॅसी यांवरील खोल गंज किंवा तडा रंगाने कधीही झाकू नये.

येत्या हंगामापूर्वी एक सकाळ काढून आपल्या वाहनाची तपासणी करावी. टवके खडूने खुणावून त्यांच्या पायऱ्या ठरवाव्यात आणि पहिल्या दोन पायऱ्यांचे काम त्याच आठवड्यात उरकावे.